वतन नसलेली कढई

कढईतलं तेल तापलं का हे बघायला भजीवाली मावशी पिठाचा एकच थेंब सोडते. थेंब तळाला जाऊन बसला तर चुलीत आणखी एक लाकूड सारते. लगेच फुलून वर आला तर मिरच्या सोडायला घेते. पडताक्षणी करपला तर पळीभर गार तेल ओतते आणि थांबते. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात हे मी लहानपणी वडिलांचं बोट धरून पाहिलं, पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवताना पाहिलं, आणि आता निवृत्तीनंतर तर बाजाराच्या दिवशी माझी बसायची जागाच ठरून गेलीय. भट्टीच्या वरच्या अंगाला, जिथं धूर येत नाही आणि सगळ्यांचे हात दिसतात.

वर्गात मी पोरांना देवगिरीचे यादव शिकवले, आसफजाही शिकवली, हैदराबादचा मुक्तिसंग्राम शिकवला. पण शाळेपासून हाकेच्या अंतरावर फुटाणे भाजणारा, जिलबी काढणारा, गोडीशेव पाकात घोळणारा माणूस कोणत्याच धड्यात नव्हता. ही गोष्ट मला फार लागते. कारण आमच्या भागाचा इतिहास एका जागी साठलेला कुठं सापडेल, तर तो याच लोकांच्या धंद्यात. राज्य बदललं तसं त्यांच्या गल्ल्यातलं नाणं बदललं. पीक बदललं तसं कढईतलं तेल बदललं.

मग हा इतिहास लिहिला का गेला नाही? माझ्या मते याचं कारण वतनात आहे. आपल्याकडं गावाचा जुना इतिहास लिहिला जातो तो कागदांवरून, आणि कागद तयार झाले ते वतनाच्या भांडणांतून. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, पेठेचे शेटे आणि महाजन या सगळ्यांना हक्क होते, मानपान होते, म्हणून तंटे होते, म्हणून महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, होते. सुताराला, लोहाराला खळ्यावर बलुतं मिळायचं. तेली-तांबोळी अलुत्यात मोडायचे. पण बाजारात डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या शेववाल्याचा खळ्यावर हक्क नव्हता. तो रोखीवर किंवा पसाभर धान्यावर माल विकायचा आणि संध्याकाळी उठून जायचा. भांडायला वतन नाही, तर कागद कुठला? १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ लिहिला. गावाच्या कारभाराचं इतकं बारीक वर्णन मराठीत दुसरं नाही. तिथंही गाडा फिरतो तो वतनदार आणि बलुतेदारांच्याच चाकांवर.

दुसरीकडं असं झालेलं नाही, आणि ते समजल्यापासून माझी हळहळ वाढली. चीनमध्ये सोंग घराण्याची राजधानी कायफंग. ११२७ साली उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांनी ती जिंकली. तिथला मेंग युआनलाव नावाचा गृहस्थ दक्षिणेत पळून गेला आणि म्हातारपणी, ११४७ साली, त्यानं गमावलेल्या शहराच्या आठवणी लिहून काढल्या. त्यात राजवाडा आहे, सण आहेत, आणि बाजारातले खाद्यविक्रेतेही आहेत. कुठल्या पुलाजवळ रात्री काय खायला मिळायचं, कोणत्या ऋतूत काय विकायला यायचं, रात्रीचा बाजार कोणत्या प्रहरी उठायचा आणि पहाटे पुन्हा कधी भरायचा, हे त्यानं पदार्थांच्या नावांसकट टिपलं. त्याच काळातल्या झांग झेदुआन या चित्रकाराच्या पाच मीटरहून लांब पटावरही नदीकाठचे विक्रेते, त्यांच्या छत्र्या, टोपल्या आणि गिऱ्हाइकं दिसतात. घर सोडून परागंदा झालेल्या माणसाला आपल्या शहराची ओळख म्हणून रस्त्यावरचं खाणं आठवावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि गंमत अशी, की जवळपास त्याच वर्षांत आपल्याकडंही खाण्यावर लिहिलं जात होतं. कायफंग पडलं त्या सुमारास कल्याणीच्या गादीवर चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा आला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. मराठवाड्याचा मोठा भाग त्याच्या राज्यात होता. त्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात अन्नभोगाचं सविस्तर प्रकरण आहे. हरभऱ्याच्या पिठात हिंग, मीठ, मिरे घालून तेलात तळायचा पदार्थ तिथं आहे, म्हणजे आमच्या मावशीच्या भज्यांचा पूर्वजच म्हणा. मिरची अर्थातच नाही. ती पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर सोळाव्या शतकात आली. पण ते सगळं राजाच्या मुदपाकखान्यातलं. कल्याणीच्या पेठेत तेव्हा कोण काय तळत होतं, कितीला विकत होतं, हे टिपायला आपल्याला मेंग युआनलाव मिळाला नाही.

आता बाजारात या. बाजाराच्या दिवशी सगळ्यांत आधी पेटते ती भट्टी. कडोळी, माझोड, केंद्रा, ताकतोड्याकडची माणसं यायच्या आत पहिला घाणा उतरलेला असतो. आमच्याकडं हे काम बहुतेक ठिकाणी भोई समाजातल्या कुटुंबांकडं आहे. नदीवर मासेमारी, पालखी वाहणं आणि भट्टी, अशी ही जुनी कामं. आदल्या दिवशी हरभरा थोडा भाजून, मीठ-हळदीच्या पाण्याचा हात लावून झाकून ठेवतात. दुसऱ्या दिवशी कढईतल्या तापलेल्या रेतीत तो टाकला की क्षणात फुटतो. तिथं हाताची खरी परीक्षा. दोन क्षण जास्त झाले तर कडू, दोन क्षण कमी झाले तर दाताला लागतो. मग रेती चाळणीतून खाली, फुटाणे वर, आणि तीच रेती पुन्हा कढईत. भट्टीवाल्या काकूंना मी एकदा विचारलं, रेती कधी बदलता? त्या म्हणाल्या, “बदलत नाही गुरुजी, भर घालतो. नवी रेती कचकच लागते. जुनी चांगली मुरलेली असते.”

पूर्वी लोक आपलंच धान्य घेऊन भट्टीवर यायचे. नागपंचमीच्या आधी ज्वारीच्या लाह्यांसाठी बायकांची रांग लागायची. भाजणावळ म्हणून ओंजळभर धान्य काढून ठेवायचं. पैसा लागतच नसे. माझ्या आईच्या तोंडी ‘भट्टीवर जाऊन येते’ हे वाक्य असायचं, आणि जाताना ती आम्हा पोरांना बरोबर नेत नसे, कारण आम्ही गरम रेतीच्या फार जवळ जायचो.

याच भट्टीजवळ जातीचा एक कायदा चालायचा, तोही सांगितला पाहिजे. पाण्यात शिजवलेला भात, भाकरी दुसऱ्या जातीच्या हातची चालायची नाही. पण कोरडं भाजलेलं आणि तेला-तुपात तळलेलं चालायचं. म्हणून तर फुटाणे, मुरमुरे, शेव, जिलबी हेच बाजारचं खाणं झालं. हे टिकाऊ होतं, न्यायला सोपं होतं, हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सोवळं पाळणारा माणूसही ते उपरण्यात बांधून घरी नेऊ शकत होता. बाजारचा खाऊ कोणता असावा हे जिभेच्या आधी विटाळाच्या कल्पनेनं ठरवलं. आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं त्यांच्यासाठी ही सवलतही अपुरी होती. त्यांच्या ओंजळीत पुडी वरून टाकायचे. पुढं गावोगाव चहाची हाटेलं आली, तिथं त्यांची कपबशी वेगळी असायची, बाहेर कोनाड्यात ठेवलेली, ज्याची त्यानं धुवायची. संविधानाच्या १५व्या कलमात दुकानं आणि उपाहारगृहं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तो उल्लेख किती गरजेचा होता ते असा कोनाडा पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. कोनाडे त्यानंतरही बराच काळ राहिले. आज आमच्या बाजारात एकाच कढईभोवती सगळे उभे राहून खातात. मला हे बाजारानं मिळवलेलं फार मोठं यश वाटतं, आणि ते लढून मिळालेलं आहे, हे मी पोरांना सांगत आलो.

जिलबीवाला थोडा उशिरा येतो, पण त्याचं काम आदल्या रात्रीच सुरू झालेलं असतं. मैदा भिजवून आंबवायचा. “थंडीत आंबवण झोपतं गुरुजी, त्याला चुलीजवळ निजवावं लागतं,” असं तो सांगतो. सकाळी भोक पाडलेल्या फडक्यात पीठ घेऊन पसरट तईत वेढे टाकायचे, आतून बाहेर, आणि शेवटचं टोक आडवं जोडायचं. तळून काढलं की थेट एकतारी पाकात. या जिलबीचा माग पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी जुन्या ग्रंथांतून काढला होता. १४५०च्या सुमाराच्या एका जैन कथाग्रंथात ती आहे, सतराव्या शतकातल्या रघुनाथ पंडितांच्या ‘भोजनकुतूहल’मध्ये तिची कृती आहे, आणि मूळ अरब-इराणकडचं. एवढा लांबचा प्रवास करून ती गोरेगावात येऊन वर्तमानपत्राच्या कागदावर पडते.

आमच्या बाजाराला एक गोष्ट दुसऱ्या गावांपेक्षा वेगळी मिळाली, ती म्हणजे सीमा. गोरेगाव हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात. पलीकडं रिसोड, वाशिम, म्हणजे वऱ्हाड. आज ही फक्त दोन जिल्ह्यांमधली हद्द आहे. पण ती एकेकाळी दोन राज्यांमधली होती, आणि त्याला हिंगोलीही कारण होती. हिंगोलीत छावणी होती, निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेची. त्या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ साली निजामाला वऱ्हाड कंपनीच्या हवाली करावं लागलं. १९०२ मध्ये ते कायमच्या भाड्यानं गेलं. झालं, वाशिम इंग्रजी आणि हिंगोली निजामी.

या छावणीमुळं हिंगोलीचा बाजार फुगला. रोख पगार घेणारे शिपाई म्हणजे खाऊवाल्यांना सोन्याची कोंबडीच. बाजार किती गजबजलेला आणि किती बेमालूम होता, त्याची एक भयंकर साक्ष मेडोज टेलरनं दिली आहे. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की हिंगोलीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. तोच त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला. वाटेत मारलेल्या व्यापाऱ्याचं कापड त्यानं छावणीत राजरोस विकलं होतं. १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीला रेल्वे आली आणि मालाला नवी वाट मिळाली.

सीमेचा खरा त्रास खाऊवाल्याच्या गल्ल्यात होता. इकडं निजामाचा हाली शिक्का, चारमिनाराचा रुपया. तिकडं इंग्रजी रुपया, त्याला आमच्याकडं कलदार म्हणत. सहा कलदार म्हणजे साधारण सात हाली. आता विचार करा, एका आण्याच्या फुटाण्याला वऱ्हाडातल्या गिऱ्हाइकानं कलदारातला आणा दिला तर त्याला परत काय द्यायचं? वडील सांगायचे, की त्यांच्या लहानपणचा शेववाला कमरेला दोन कसे बांधायचा, आणि हिशोब तोंडी, एकदाही न चुकता करायचा. शाळेचं तोंडही न पाहिलेला माणूस सहा-सातच्या गुणोत्तरात शेव विकत होता. मी पुढं वर्गात गुणोत्तर शिकवायची वेळ आली की हेच उदाहरण द्यायचो, आणि पोरं गप्प होऊन आकडेमोड करायला लागायची.

नाण्याशिवाय नाकाही होता. निजामाच्या राज्यात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात होती, शेकडा ५. तिला करोडगिरी म्हणायचे. गूळ, तेल, मसाला सीमेपलीकडून आणला की नाक्यावर पावती. मोठा व्यापारी हे सहज सोसतो. डोक्यावरच्या पाटीवर धंदा करणाऱ्याला शंभरातले पाच म्हणजे दिवसाच्या नफ्याला मोठी कात्री.

१७ सप्टेंबर १९४८ला निजामाचं राज्य संपलं. हाली शिक्का मात्र एका दिवसात गेला नाही, तो १९५०च्या दशकात हळूहळू उठला. तो उठतो न उठतो तोच १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. आण्याचे सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैशाचं नाणं कुठं होतं? आण्याला सहा धरायचे, दोन आण्याला बारा, आणि चार आण्याला मात्र बरोबर पंचवीस. त्यापाठोपाठ शेर, अधोली, मापटं जाऊन किलो आला. एका पिढीनं वीस वर्षांच्या आत राज्य, नाणं, वजन, माप सगळं बदललेलं पाहिलं, आणि एकदाही बाजार चुकवला नाही. तरी मुरमुरे मात्र अजून मापानंच विकले जातात, आणि म्हाताऱ्या बाया अजून ‘पावशेर गोडीशेव दे’ असंच म्हणतात.

गोडीशेव आमच्या बाजाराचा मान. बेसनाची जाड शेव तळून गुळाच्या पाकात घोळायची, पाक सुकला की पांढरट झाक येते. बाजाराला गेलेला माणूस घरी गोडीशेवेची पुडी न आणता आला तर लेकरं तोंड फिरवून बसायची. औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत, नर्सीला नामदेवांच्या गावी, हिंगोलीच्या दसऱ्यात, सगळीकडं हेच विक्रेते फिरतात. आठवड्याचे बाजार आणि वर्षाच्या यात्रा मिळून त्यांचं पंचांग होतं.

या शेवेला माझ्या लहानपणी वास होता करडीच्या तेलाचा. रब्बीत ज्वारीच्या शेताच्या कडेनं काटेरी करडी असायची, जनावरांना अडवायची आणि वर तेलही द्यायची. तेल्याच्या लाकडी घाण्यातून ते निघायचं. १९९०च्या दशकात इकडच्या शिवारात सोयाबीन पसरलं, त्याच दशकात परदेशी पामतेलाची आयात खुली झाली. करडी मागं पडली, घाणे बंद पडले. आज बाजारातल्या बहुतेक कढयांत डब्यातलं पामतेल असतं. मावशीचा त्यात दोष नाही. करडीच्या तेलात तळलेल्या भज्यांची प्लेट तिनं काय भावानं विकावी? पण सभोवार सोयाबीनचं शिवार, आणि कढईत समुद्रापलीकडचं तेल, हे मला बरं वाटत नाही. शेतकऱ्याच्या पिकाचा आणि त्याच्याच बाजारातल्या खाण्याचा संबंध असा तुटायला नको होता.

१९७२चा दुष्काळ मात्र मी विसरू शकत नाही. बाजार भरायचा, पण अर्धा रिकामा. घरात अमेरिकेची लाल मिलो, शाळेत सुकडी. बेसन कुठून आणायचं आणि घ्यायचं कोणी? भट्टीवाल्यांच्या घरची माणसं खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर गेली. आठवड्याला मिळणाऱ्या मजुरीतून कोणी पाच-दहा पैशांचे फुटाणे घ्यायचं, आणि तेवढ्यासाठी एक म्हातारी भट्टी पेटवून बसायची. तिच्या नातसुना आज त्याच जागेवर बसतात.

त्याच घरातला एक मुलगा आता चायनीजचा गाडा लावतो. पुण्यात एका गाड्यावर शिकला, २०२०च्या टाळेबंदीत गावी आला, परत गेला नाही. मंचुरियन म्हणजे चीनचा पदार्थ असं त्याच्या गिऱ्हाइकांना वाटतं. खरं तर तो मुंबईचा. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं, असं सांगितलं जातं. गोरेगावात ते कोबीचं झालं. मी तासभर त्याच्याकडं पाहत होतो. बेसनाच्या जागी मैदा आणि कॉर्नफ्लोअर, चुलीच्या जागी सिलिंडर. पण जाळावरची कढई झटकताना मनगटाचा जो फिरका बसतो, तो आजीच्या रेतीच्या कढईवरचाच. त्याला म्हटलं तर तो हसला, म्हणाला, “सर, भट्टीवर लहानपणी मीच बसायचो ना.” कायफंगच्या पुलावरच्या माणसांनाही हे मनगट ओळखू आलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

२०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. चांगला कायदा आहे. जागेचा हक्क, प्रमाणपत्र, विक्रेत्यांची समिती, सगळं त्यात आहे. पण तो शहरांपुरता. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत असेल तिथं. आठवडी बाजारातली मावशी, भट्टीवाली काकू, जिलबीवाला या कशातच बसत नाहीत. त्यांच्या हातात येते ती बाजार बसल्याची पावती. तिच्यावर रक्कम असते, धंद्याचं नाव नसतं. म्हणजे वतनाच्या काळात जसे ते कागदाबाहेर होते तसेच अजून बरेचसे कागदाबाहेर आहेत. शहरातल्या पाणीपुरीवाल्याला जो हक्क, तोच खेड्यातल्या फुटाणेवालीला मिळायला पाहिजे.

तोवर मी माझ्यापुरती वही घातली आहे. कोण कुठून येतं, कोणाकडून शिकलं, तेल कोणतं, भाव काय, आधीच्या पिढीत भाव काय होता, कोणत्या यात्रांना जातात. भट्टीच्या घरच्या चार पिढ्या लागल्या आहेत. जिलबीवाल्याच्या तीन. पुढच्या बाजारी कडोळीच्या गोडीशेववाल्याला गाठायचं आहे. त्याचे आजोबा वाशिमहून डोक्यावर गूळ आणायचे म्हणतात. नाक्यावर पावती फाडून आणायचे की रानातल्या वाटेनं, हे त्याला विचारायचं आहे. वाट रानातली असेल तर ती कोणती, तेही.